आत्याच्या जबड्यातले चार स्क्रू

माझ्या मुखेडच्या आत्याला एकही दात नव्हता. लातूरला दातांच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं आणि शिकायला त्यांना बोळक्या तोंडाची माणसं हवी होती. ‘पक्के दात, मोफत’ ही पत्रकं आयोजकांसाठी मीच लिहिली, मीच आठवडी बाजारात वाटली आणि आत्याला एसटीनं घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले, फोटो काढले, प्रमाणपत्रं घेतली. त्या स्क्रूंवर दात चार महिन्यांनी बसणार होते. तोवर स्क्रूंच्या टोकांमुळे तिची जुनी कवळीही बसेना.

चार महिन्यांनी गेलो, तर आयोजक म्हणाले, “या बॅचला फक्त स्क्रूच शिकवायचे होते. दातांचा कोर्स वेगळा, तो पुण्यात असतो.”

“मग हिनं भाकरी खायला पुण्याला जायचं का?” मी ओरडलो.

आत्यानं तोंडावरचा पदर काढला. “साहेब, तुमचं शिकून झालं. माझं जेवायचं ऱ्हायलंय.”

ते हसले! टेबलावर पुढच्या प्रशिक्षणाची पत्रकं होती, शब्द माझेच. मी अख्खा गठ्ठा उचलला. प्रत्येक पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, ‘स्क्रू मिळतील, दात मिळणार नाहीत’ आणि त्याच बाजारात, आत्याला शेजारी बसवून, ती वाटली.