बॉबिनच्या डबीतलं औषध

शिलाईच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका त्यांना मशीनमामा म्हणत. “मामा, ही बया परत धागा तोडायला लागली बघा!” अशी हाक आली की मामा येत, मशीनला कान लावत आणि एकच विचारत, “काय बदललंस?” सुई, पट्टा, जे नवं बसवलं असेल ते काढायचं. खडखड थांबली, तर दोष त्यातच. उभी हयात या एका युक्तीवर निभावली होती.

म्हणून तर सगळा घोळ झाला.

फुप्फुसाचा कॅन्सर, तोही पसरलेला, असं निदान झालं तेव्हा मामांना नुसता खोकला होता. जिन्यात धाप लागायची, पण दोन वेळचं जेवण व्यवस्थित. डॉक्टरीणबाईंनी केमोच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्यातून एकदा, घरीच, जेवल्यावर.

“गोळ्यांवर भागतंय म्हणजे किरकोळच असणार,” मामा बायकोला म्हणाले.

“किरकोळ? अहो, हातमोजे घालून काढायला सांगितल्यात!”

“जी तू हातात धरायची नाहीस, ती मी गिळायची?”

“हो.”

“ते कसं काय?”

“मला काय विचारता? मी काय डॉक्टर आहे?”

बायको त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. शिवणीतून लोंबणारा दोरा तिला लांबूनच दिसायचा. ती हातमोजे चढवी, गोळी वाटीत टाकी आणि ऑपरेशनला निघाल्याच्या थाटात वाटी पुढे करी.

गोळ्या सुरू झाल्या आणि मामा आडवे झाले. ओकाऱ्या, तोंडाला चव नाही, पायांत बळ नाही. पडल्या पडल्या डोक्यात तोच प्रश्न घुमे, काय बदललं? उत्तर समोर वाटीत.

पुढच्या वेळी बायको पाणी आणायला वळली आणि गोळी मामांच्या खिशात गेली. खिशातून मशीनच्या दोऱ्याची रिळं, म्हणजे बॉबिनं, ठेवायच्या जुन्या डबीत. मग त्यानंतरच्याही. काही दिवसांत भूक लागली. खडखड बंद! मामांना हसावं की घाबरावं कळेना. खोकला होताच, पण तो आधीपासूनच होता. त्याचं खापर कोणावर फोडायचं?

बायको मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली, “औषध लागू पडलं हो यांना!” मामा तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघत. खरं सांगावं तर तिचा आनंद जाणार. न सांगावं तर… तर काय होईल, हेच त्यांना उमगत नव्हतं.

पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावला.

“रक्त छान आहे. त्रास काही?”

“छे, काही नाही.”

“पण गाठ वाढलीय. म्हणजे ही गोळी काम करत नाही. बंद करू. दुसरं काही बघावं लागेल, पण पर्याय फार उरले नाहीत.”

खरं तर सुटकाच झाली होती. गोळी परस्पर बंद होत होती, तीही डॉक्टरांच्या हातून. गप्प बसलं की झालं. पण मामांना ते पटेना. जो भाग बसवलाच नाही, त्याच्यावर ठपका? कारखान्यात कोणी असं केलं असतं, तर त्यांनी त्याला चांगलंच झापलं असतं.

“बाई, त्या गोळीचा दोष नाही.”

“म्हणजे?”

“ती पोटात गेलीच नाही. पहिल्या थोड्या घेतल्या. बाकीच्या बॉबिनच्या डबीत आहेत.”

बायकोची मान गर्रकन वळली. “कशात?”

“बॉबिनच्या…”

“मी इकडे हातमोजे चढवून तुमच्यापुढे उभी राहतेय, सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरतेय, आणि तुम्ही बॉबिनच्या डबीत?”

डॉक्टरीणबाईंनी तिला हातानेच थांबवलं. “घेतल्यावर काय होत होतं?”

मामांनी सगळं सांगून टाकलं.

“आणि मला म्हणालात, काही नाही! तुमच्याकडे बिघडलेलं मशीन आणून कोणी ‘छान चाललंय’ म्हणतं का? ओकारीवर औषध आहे. डोस कमी करता येतो. आणि त्या डबीतल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, इथे आणून द्या.”

“पण बाई, गोळी नव्हती तेव्हा बरं वाटत होतं. ते खोटं होतं का?”

“खरंच होतं. आणि गाठ वाढत होती, तेही खरं.”

दोन्ही खरं! हे गणित मामांच्या डोक्यात काही केल्या बसेना.

“मग घेतली तर बरा होईन?”

“पूर्ण बरं करणारं औषध माझ्याकडे नाही. आजार काही काळ आवरून धरता आला तर बघायचं. ही गोळी ते करेल की नाही, मलाही माहीत नाही. घेतलीत तरच कळेल.”

“म्हणजे खडखडतच चालायचं.”

“चालवून बघू या.”

ठरलेल्या दिवशी जेवणाआधी ओकारीचं औषध झालं. जेवण झालं. बायकोने हातमोजे चढवले, वाटी पुढे केली आणि या वेळी पाण्याचा पेला आधीच आणून ठेवला होता. मामांनी गोळी गिळली.

“आ करा.”

“अगं, गिळली.”

“आ करा म्हटलं ना! जीभ वर. हं. आता खिसा.”

मामांनी खिसा उलटा केला. एक रिकामं बॉबिन टणकन खाली पडलं. ती तोंडावर पदर दाबून वळली. हसतेय की रडतेय, मामांना पाठीवरून कळेना.

मग ती शेजारी येऊन बसली. “काय होतंय?”

मामा मशीनला कान लावावा तशी मान तिरकी करून बसले होते.

“थांब जरा,” ते म्हणाले, “ऐकू दे.”