बातमीतला डावा हात

पुरस्कारप्राप्त पत्रकार म्हणून कुणी माझी ओळख करून दिली की मी खाली बघतो. लोक त्याला नम्रपणा समजतात. समजोत बापडे.

नव्वदच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात माझं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि त्याच दुकानात बसून मी नागपूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि नागपूरला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. छापून आली तर आपलं नशीब. संपादक भेटले की एकच सांगत, तपशील द्या. नुसता माणूस म्हणू नका, कसा माणूस ते लिहा. मी ते अगदी मनावर घेतलं होतं.

एका पावसाळ्यात गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत मुली आजारी पडल्याचं कानावर आलं. मोटारसायकल काढून गेलो. अधीक्षकांनी चहा पाजला, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. निघता निघता मागच्या बाजूला डोकावलो, तर चुलीजवळ रोजंदारीवरची स्वयंपाकीण तांदूळ पाखडत बसलेली. विधवा बाई, पोरगी त्याच शाळेत सातवीला. तिने सूप माझ्यापुढे केलं. तांदळात अळ्या वळवळत होत्या. चांगला तांदूळ बाहेरच्या बाहेर विकला जातो आणि हा पोरींच्या पोटात जातो, हे तिने हळूच सांगितलं. मग म्हणाली, "माहं नाव नोका टाकू भाऊ. हे काम गेलं तं पोरीची शाळा गेली समजा."

मी शब्द दिला आणि माझ्या समजुतीने पाळलाही. नाव नाही, वय नाही, स्वयंपाकीण हा शब्दसुद्धा नाही. एका हाताने माझ्यापुढे सूप केलं, एवढंच लिहिलं. आणि त्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, हेही लिहिलं. काय वाक्य जमलं म्हणून स्वतःवरच खूश झालो. कपाळ माझं!

बातमी गाजली. चौकशी बसली, मुलींना बरा तांदूळ मिळू लागला. अधीक्षकांची बदली झाली, तीही शहराजवळच्या शाळेत. हिवाळ्यात नागपूरला शाल, श्रीफळ आणि पितळी चिन्ह देऊन माझा सत्कार झाला. परीक्षकांनी ते तीन बोटांचं वाक्य माइकवरून वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो चढलोच.

पुढच्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, शाळेत आता कसं काय चाललंय ते लिहावं म्हणून पुन्हा तिकडे गेलो. चुलीशी दुसरीच बाई होती. तिच्याकडून पत्ता घेऊन जुन्या बाईच्या गावी पोचलो.

ती चिडली नाही. खाट टाकली, पाणी दिलं. बातमी आली त्याच आठवड्यात, बदली व्हायच्या आधी, अधीक्षकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. पोरीला एकटीला तिथे ठेवायचा धीर होईना, म्हणून तिलाही ती घरी घेऊन आली. पोरगी आता लोकांच्या भाताच्या बांधीत रोवणा करायला जात होती. माझी बातमी आईला तिनेच वाचून दाखवली होती.

"नाव तं नाई टाकलं तुमी," बाई म्हणाली, "पण हात टाकला."

मला इतकी लाज वाटली की पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. तुम्हाला काढलं त्याचीच बातमी करतो, वरपर्यंत जातो, असं काहीबाही बोलत सुटलो. तिने नको म्हटलं. "आता माह्यावर कुठी काही छापून येऊ देऊ नोका," एवढंच तिचं मागणं होतं. मी पुन्हा शब्द दिला.

महिनाभरात दैनिकाच्या कार्यालयाचं पत्र आलं. मुंबईच्या मोठ्या पुरस्कारासाठी त्याच बातमीची प्रत पाठवायची होती, आणि ती पुरस्काराच्या पुस्तिकेत पुन्हा छापणार होते. झेरॉक्सच्या काचेवर कात्रण ठेवलं आणि त्या तीन बोटांच्या ओळीवर कागदाची पट्टी लावून एक प्रत काढली. वाचून पाहिली. बातमी कुणीही लिहिलेली वाटत होती. मग पट्टी उचलली, दुसरी प्रत काढली आणि तीच पाठवली.

तोही पुरस्कार मलाच मिळाला.