किती वर्षं खाताय?

आमच्या सर्व्हेच्या ऑफिसात कुणी रिटायर झालं की निरोपाच्या चहाला किस्से सांगायची पद्धत आहे. साप निघाला ते, जीप नाल्यात रुतली ते, नकाशात शेत होतं आणि जागेवर तलाव निघाला ते. माझ्याकडे मात्र गेल्या चार वर्षांत एकाच विषयावरचे किस्से साठलेत, आणि तो विषय म्हणजे माझा खालचा ओठ. हसू नका. आधी मलाही हसू यायचं, आता फक्त डोकं फिरतं.

मी हेमंत पांढरीपांडे. आजोबा नागपूरहून सरकारी फायलींबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. एवढं लांबलचक आडनाव इथे कुणाला झेपत नाही, म्हणून ऑफिसात मी ‘पांडे जी’. राहतो आनंद नगरला. काम कालव्यांच्या मोजणीचं, म्हणजे दिवसभर उघड्या रानात. बावीस वर्षं मी दुर्बिणीला डोळा लावून उभा आहे आणि बावीस वर्षं ऊन माझ्या खालच्या ओठावर उभं आहे.

ओठाचं म्हणाल तर आधी तो नुसता कोरडा पडायचा. मग पांढुरका झाला, मग खवले निघायला लागले, मग मधोमध चीर. पावसाळ्यात बरा व्हायचा, मार्च उजाडला की परत सुरू. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. दाखवलं.

डॉक्टरांनी ओठाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “कब से खा रहे हैं?”

“काय?”

“गुटखा.”

“नहीं खाता.”

“तंबाकू?”

“नहीं.”

“पान?”

“शादी-ब्याह में. मीठा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “देखिए पांडे जी, डॉक्टर से छुपाने में आपका ही नुकसान है.”

घरी येऊन केसपेपर वाचला. त्यावर लिहिलं होतं, ‘तंबाखू : पेशंट नाकारतो.’ नाकारतो! चोरीच्या गुन्ह्यात आरोपी नाकारतो तसं!

* * *

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. भोपाळमध्ये दर दुसऱ्या माणसाच्या तोंडात काहीतरी असतं हे मान्य. लोक हनुवटी वर करून, तोंडातलं सांडू न देता बोलतात हेही रोजचंच. पण म्हणून ज्याचा ओठ खराब तो खाणाराच, हा कुठला न्याय?

आमच्या कॉलनीच्या गणपतीत तर कमाल झाली. मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, “हेमंतराव, यंदा व्यसनमुक्तीवर कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही दोन शब्द बोलाल का?”

मी म्हटलं, “मी काय बोलणार? मला त्यातलं काही कळत नाही.”

ते जवळ सरकून हळूच म्हणाले, “स्वतःचा अनुभव सांगा हो. लोकांवर परिणाम होतो.”

मी त्यांना दार दाखवलं. चहा अर्धा राहिला होता त्यांचा. बायको म्हणाली, चहा तरी पिऊ द्यायचा.

त्याच गणपतीत अमरावतीहून बायकोची आत्या आली होती. तिने ओठ बघितला आणि निदान केलं की ही पोटातली उष्णता. औषध काय, तर रोज झोपताना बेंबीत तूप घालायचं. ओठ तोंडावर, तूप बेंबीत! पण निदान ही बाई मला गुटखा खाणारा म्हणाली नाही, म्हणून मी महिनाभर इमानदारीत तूप घातलं. बेंबी मऊ झाली.

* * *

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई, कमी बोलणाऱ्या. भिंग लावून ओठ बघितला, बोटाने चाचपला आणि विचारलं, “धूप में काम है?”

मला रडूच आलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

त्यांनी सगळं नीट समजावलं. खालचा ओठ पुढे असतो, वर तोंड करून ऊन खातो. वर्षानुवर्षं ऊन लागून त्याची कातडी बिघडते. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, आडनावाच्या बाबतीत माझी बरोबरी करणारं. आज हा कॅन्सर नाही, पण असंच चालू राहिलं तर होऊ शकतो. एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी बायकोशी सुद्धा धड बोललो नाही. रिपोर्टात बाईंचंच म्हणणं आलं, कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर.

उपाय तीन-चार होते. बिघडलेली जागा गार वायूने गोठवायची. नाहीतर एक जहाल क्रीम काही आठवडे लावायचं, त्याने ओठ सोलवटून निघतो आणि मग नवी कातडी येते. नाहीतर लेझर. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर वरची कातडी कापून काढायची.

“और सबसे जरूरी,” बाई म्हणाल्या, “चौड़ी किनारी की टोपी और धूप वाला लिप बाम, दिन में कई बार. नहीं तो कुछ भी करा लीजिए, फिर आएगा. और एक बात, कहीं कड़ी गांठ लगे, या घाव भरे ही नहीं, तो एक दिन मत रुकिए.”

मी गोठवून घेतलं. ओठ सुजून बाहेर आला, आठवडाभर चहा बशीतून प्यायलो. मग छान गुळगुळीत झाला. आणि पुढच्या एप्रिलमध्ये परत खवले! कारण टोपी आणि बाम ऑफिसने द्यायचं, आणि ऑफिस म्हणजे काय ते ऐका.

* * *

मी रीतसर मागणीपत्र दिलं. माझ्या एकट्यासाठी नाही, फील्डवरच्या बारा जणांसाठी. रुंद काठाच्या टोप्या बारा, उन्हाचे लिप बाम बारा.

स्टोअरचे तिवारी जी. मागणीपत्र वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पांडे जी, ये लिप वाला सामान घर में भाभी जी के लिए है क्या?”

तिसऱ्या आठवड्यात कागद परत आला. वर शेरा होता, ‘श्रृंगार सामग्री मैदानी अमले को देय नहीं है.’

श्रृंगार! मी ओठ पुढे करून दाखवला. म्हटलं, हा श्रृंगार दिसतो तुम्हाला? तिवारी जी म्हणाले, “गुटखा छोड़ दीजिए, अपने आप ठीक हो जाएगा.”

टोपीचं उत्तर वेगळं आलं. हेल्मेट दिलेलं आहे, दुसरी टोपी मिळणार नाही. पिवळं प्लॅस्टिकचं हेल्मेट, त्याला काठ बोटभर. डोक्यावर वीट पडली तर उपयोगी. रानात वीट कुठून पडणार? पडतं ते ऊन.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “छाता तो है ना आप लोगों के पास.”

छत्री होती. मोठी, छान, पांढरी छत्री होती. यंत्राची! मोजणीच्या यंत्राला ऊन लागलं तर ते चुका करतं, म्हणून त्यावर छत्री धरायची असा नियम आहे, आणि ती धरायला एक माणूसही मंजूर आहे. यंत्र सावलीत, आणि छत्री धरणारा उन्हात! मी त्या दिवशी यंत्रावरची छत्री काढून स्वतःवर धरली. संध्याकाळी लेखी खुलासा मागितला गेला.

मी खुलाशात लिहिलं, “मीही तापलो की चुका करतो.” तो स्वीकारला नाही.

* * *

बाम मग स्वतःच आणायचा ठरवला. बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला गेलो होतो, तिथल्या दुकानात विचारलं. पोऱ्या नव्हता हो, चांगला माझ्या वयाचा दुकानदार होता. साऱ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडून विचारतो, “भैया, स्ट्रॉबेरी दूं कि चेरी?”

मी म्हटलं, उन्हापासून वाचवणारा द्या, बिनरंगाचा.

“बिना कलर का खतम है. ये हल्का है, पता नहीं चलेगा.”

चांगलंच पता चललं! दुसऱ्या दिवशी कालव्यावर मी गुलाबी ओठ घेऊन उभा. छत्रीवाला तोंड फिरवून हसत होता. जीपचा ड्रायव्हर तर खोकल्याचं नाटक करत झाडामागे गेला.

हसला नाही तो एकटा रघुवीर. रघुवीर म्हणजे आमचा दांडेवाला. मी यंत्रावर, आणि तो शंभर पावलांवर मोजणीचा आकडे लिहिलेला दांडा धरून. अकरा वर्षं आमची जोडी. बोलणं मात्र फारसं नाही. खुंट्यांचे खिळे तो ओठांत धरून ठेवतो, त्यामुळे काहीही विचारलं की “हूं” एवढंच. आणि जवळ आला की गमछा तोंडावर ओढून घेतो. तोंड भरलेलं साहेबाला दिसू नये म्हणून, एवढी अदब इथल्या लोकांत आहे. दुर्बिणीतून त्याचा ओठ दिसायचा ना मला. काळपट, फुटलेला, कडेला पांढरा. मी पहिल्या वर्षापासून त्याच्या मागे होतो, गुटखा सोड म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याला बडीशेपेची डबी द्यायचो. ‘तलब लागली की हे खा.’ तो डबी कपाळाला लावून घ्यायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो जवळ आला आणि गमछ्याआडून म्हणाला, “साहब, ये जो आप लगाते हैं, इससे फायदा होता है?”

माझं डोकं आधीच तापलेलं. गुलाबी ओठांनी म्हणालो, “तू पहले गुटखा छोड़, फिर पूछ.”

“जी, साहब,” म्हणून तो गेला.

* * *

ह्या वर्षी क्रीम सुरू केलं. बाईंनी आधीच सांगितलं होतं, दिसायला भयंकर होईल, घाबरू नका. झालंच. ओठ लालभडक, वर खपल्या, कडेने ओल. सांडगी मिरची लांबून दिसली तरी झोंबायची.

नेमकं तेव्हाच ऑफिसात आरोग्य शिबिर भरलं. सगळ्यांना सक्ती. कुठल्याशा संस्थेचे लोक आले होते, रांगेत उभं करून वजन, साखर, दात. एका मुलीने माझा ओठ बघितला आणि तिचे डोळे चमकले. “सर, एक फोटो ले लूं? सिर्फ होंठ का. रिकॉर्ड के लिए.” मी कंटाळून हो म्हटलं.

पंधरा दिवसांनी ऑफिसात शिरलो तर नोटीस बोर्डापाशी गर्दी. तिवारी जी सगळ्यात पुढे. मला बघून गर्दी बाजूला झाली, मंत्री आल्यासारखी. बोर्डावर मोठं पोस्टर. वर लाल अक्षरांत ‘तंबाकू ने इनका ये हाल किया!’ आणि खाली मिशी-हनुवटी कापून नुसता एक खालचा ओठ, ताटाएवढा मोठा.

तिवारी जी म्हणाले, “पांडे जी, हम तो कब से कह रहे थे.”

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मराठीत बोललो, त्यामुळे बऱ्याच जणांना कळलं नाही. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, पोस्टर वरून आलंय, काढायचं तर पत्र लागेल. मी तासभर बसून पत्र लिहिलं. डॉक्टरबाईंचं सर्टिफिकेट जोडलं, रिपोर्ट जोडला. ‘सदर ओठ तंबाखूने नव्हे, तर शासकीय कामात ऊन लागून बिघडला आहे’ असं स्पष्ट लिहिलं. सही ठोकली. आणि उत्तराची वाट न बघता पोस्टर फाडायला निघालो.

जेवणाची सुट्टी होती, व्हरांडा रिकामा. बोर्डासमोर फक्त रघुवीर उभा होता. मला बघून त्याने सवयीने गमछ्याला हात लावला, पण ओढला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं तोंड हातभर अंतरावरून बघत होतो. दात पांढरे स्वच्छ. आणि खालच्या ओठाच्या डाव्या कडेला एक गाठ, हरभऱ्याएवढी, वर न भरलेली जखम.

तो पोस्टरकडे बघत म्हणाला, “साहब, ये मेरा फोटो है ना? उस दिन मैडम ने मेरा भी खींचा था.”

मी पोस्टरचा कोपरा धरला होता तो तसाच धरून राहिलो.

“कसम से साहब, हमने आज तक सुपारी भी नहीं चखी. घर पे सब क्या सोचेंगे?”

“रघुवीर,” मी म्हटलं, “कभी नहीं खाया? तो ग्यारह साल से वो सौंफ क्यों लेते रहे?”

त्याने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं.

“आप देते थे, साहब.”