डाव्या कानातला अर्धा सूर

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची, आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी एका जुन्या गोदामात नाचणाऱ्यांसाठी टेक्नो संगीताचे ट्रॅक वाजवायची. वय सत्तेचाळीस. पोरं तिला ‘भिंगवाल्या बाई’ म्हणायची. एका ट्रॅकमधून दुसऱ्यात ती अशी शिरायची की जोड सापडू नये. ठोके काय, यंत्रही जुळवतं. ती सूर जुळवायची, आणि तेही कानानं.

एका गुरुवारी ती उठली तर डाव्या कानात शिट्टी. दारावरची घंटा वाजली ती दोनदा ऐकू आली. उजव्या कानात नेहमीची, डाव्यात जरा चढी, बेसूर.

डॉक्टर म्हणाले, “आतल्या कानाला सूज आहे. उतरेल, किंवा नाहीही उतरणार. मोठ्या आवाजापासून लांब राहा.”

“किती दिवस?”

“आत्ताच कसं सांगू?”

घरी तिनं नवऱ्याला फक्त सूज सांगितली. तो बस चालवायचा. बायकोचा चेहरा त्याला आरशातल्या रस्त्यासारखा वाचता यायचा. रविवारी ती पिशवीत वायरी भरायला लागली तेव्हा एकच वायर तिनं तीनदा गुंडाळली. “मीही येतो,” तो म्हणाला. ती वाजवायला लागल्यापासून चौदा वर्षांत पहिल्यांदा.

गोदामात ती यंत्रासमोर उभी राहिली. नेहमी एका कानाला हेडफोन लावून पुढचा ट्रॅक ऐकायचा, दुसऱ्या कानानं हॉलमधला आवाज. आता डावीकडून येणारा हॉल खोटं बोलत होता. दोन्ही ट्रॅक उजव्या कानात घेऊन पाहिले, तरी खोटा सूर दुसरीकडून आत घुसायचाच. पाऊण तास तिनं नुसते ठोक्यांचे, सूर नसलेले तुकडे जोडून वेळ मारून नेली. समोरचे नाचणारे थंडावले. आता वेगवान ट्रॅक लावणं भाग होतं.

चालू ट्रॅक मिनिटाला एकशे चाळीस ठोक्यांचा. पुढचा एकशे अठ्ठेचाळीसचा, यंत्राच्या पडद्यावर दोघांची पट्टी एकच. तिनं पुढच्याचा वेग खाली आणला, ठोके जुळवले. सूर जुळला का? कळेना. चुकलं तर तीनशे माणसांसमोर चुकणार होतं. तिनं हेडफोन काढून नवऱ्याच्या कानाला लावला.

“मला सुरातलं काय कळतंय गं?”

“दोघं एकत्र कसे वाटतात, तेवढंच सांग.”

तो डोळे मिटून ऐकत राहिला. “जावा-जावांचं भांडण लागल्यासारखं.”

तिनं बटणांकडे पाहिलं. वेग कमी केला की सूरही उतरतो, इथे जवळजवळ अर्धा सूर. वेग बदलला तरी सूर जागेवर धरून ठेवणारं बटण ती भीतीपोटी दाबायलाच विसरली होती. एरवी पहिल्याच ठोक्याला कानाला टोचलं असतं. आज काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

तिनं बटण दाबलं. “आता?”

“आता एका घरातले वाटतायत.”

तिनं हळूहळू नवा ट्रॅक आत सोडला, जुन्याचा खर्ज काढून घेतला, मग वेग थोडाथोडा चढवत एकशे अठ्ठेचाळीसवर नेला. हॉल ओरडला. नवरा खूश होऊन तिच्याकडे पाहायला लागला, पण तिनं मान वर केली नाही. तिला ते मिश्रण जुळलेलं ऐकूच आलं नव्हतं. फक्त त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून तिनं ते वाजवलं होतं.

परतताना गाडीत तिनं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांची ताकीदही.

“आणि तरी तू आज उभी राहिलीस?” त्याचा आवाज चिरकला. “उरलेला कानही घालवायचा होता का?”

दुसऱ्या दिवशी तिनं पुढच्या तीन महिन्यांचे रविवार रद्द केले. दीड महिन्यानं तपासणी झाली: शिट्टी मंद झाली होती, डावा कान मात्र अजून चढाच ऐकत होता. “वाट पाहू,” डॉक्टर म्हणाले.

हल्ली ती पहाटेच जागी होते आणि उशीवर पडूनच उजव्या कानाजवळ बोटं चोळून पाहते. आवाज आला की उठते.