दोघींनी मोजलेला वारा

मी आणि माझी मैत्रीण एकाच मार्गदर्शकाकडे पीएच.डी. करत होतो. विषय गुरू ग्रहावरची वादळं. ती राहायला वाकोल्याला, मी मुलुंडला. यानाने पाठवलेली दोन चित्रं घ्यायची, मधे ग्रहाची स्वतःभोवती एक फेरी झालेली. पहिल्यातला ढगाचा ठिपका दुसऱ्यात हुडकायचा आणि तो किती सरकला त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. एकीने मोजलं की दुसरीने तिचे आकडे न बघता तेच पुन्हा मोजायचं, अशी आमच्याकडे शिस्त होती.

माझ्या मते एका मोठ्या वादळाच्या वरच्या कडेचा वारा जुन्या चित्रांतल्यापेक्षा वाढला होता. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. शनिवारी दुपारी तिचे आकडे आले. वारा होता तेवढाच.

"झोपेत मोजलंस का गं?" मी फोनवर खेकसले.

"तोंड सांभाळ. लॅपटॉप घेऊन येते," ती म्हणाली.

मोजण्याआधी ग्रहाची कड धरून चित्रावर अक्षांश-रेखांशांची जाळी बसवावी लागते. मैत्रीण आपल्या पद्धतीने बसवायची, मी माझ्या. जाळी वाकडी बसली की सगळंच चुकतं. म्हणजे आमच्यापैकी एकीचं वर्षभराचं काम पाण्यात गेलं होतं, आणि हे दोघींनाही कळत होतं.

ती आली तेव्हा वारा फिरून कांजूरमार्गच्या कचरा डम्पिंगचा वास घरात शिरला होता. "खिडकी लाव गो," म्हणत आईनेच ती लावली आणि पोह्यांच्या बश्या ठेवून गेली. आम्ही हातही लावला नाही.

"वादळाचं सोड," ती म्हणाली. "लांबच्या शांत पट्ट्यातले ढग बघू. तिथे वारा जवळजवळ नसतोच. ते सरकलेले दिसले तर जाळी वाकडी. आधी तुझी."

मी माझी जाळी लावली. एक ढग पाहिला, दुसरा, तिसरा. सगळे जागच्या जागी. मग तिची जाळी लावली. एकूणएक ढग एकाच बाजूला, सारखेच सरकलेले.

तिने दोन्ही चित्रं मोठी करून कड तपासली. ग्रहाची एक बाजू अंधारात जाते; तिने उजेड संपतो तीच ग्रहाची कड धरली होती. यान सरकल्यामुळे दुसऱ्या चित्रात उजेड थोडा अलीकडेच संपत होता, आणि त्याबरोबर तिची जाळीही सरकली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटत होत्या. तिचा उतरलेला चेहरा समोर असूनही तो आनंद कमी होईना, याचा मला माझाच राग आला. मी गार झालेले पोहे तिच्यापुढे सरकवले.

आई बश्या न्यायला आली. पोहे तसेच बघून तिने विचारलं, "कोणाचं बरोबर आलं?"

"हिचं, काकू," मैत्रीण म्हणाली. मग तिने लॅपटॉपवर वर्षभराच्या चित्रांचं फोल्डर उघडलं.

"आजपासून परत मोजते. दुसऱ्यांदा तू मोजशील ना?"

"मोजेन."

"माझी दया येऊन आकडे जुळवू नकोस हं."

"नाही जुळवणार," मी म्हटलं, आणि तिचे आकडे दिसू नयेत म्हणून माझी खुर्ची उचलून तिच्याकडे पाठ करून बसले.