पाण्याची शीळ

पाण्यातून सूर काढण्याचा नाद मला लागला तेव्हा परंड्याजवळच्या आमच्या वस्तीवर वीज आलेली नव्हती. म्हणून तर मला संशोधनात मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी मला गावी पाठवलं. शहरातल्या प्रयोगशाळेत विजेच्या तारांची घरघर इतकी, की आमच्या यंत्राचा क्षीण आवाज तीत बुडून जायचा.

यंत्र साधं दिसायचं. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि आत पाण्याची बाटली. पाण्यातले प्रोटॉन म्हणजे बारीक भोवरेच. तारेतून वीज सोडून त्यांना एका दिशेला वळवायचं आणि वीज झटकन तोडायची. मग ते पृथ्वीच्या चुंबकत्वाभोवती डोलतात, आणि त्या डोलण्याचा सूर हेडफोनमध्ये येतो. सुराच्या पट्टीवरून चुंबकत्व मोजता येतं. पुस्तकात हे सगळं होतं. माझ्या कानात मात्र काही येत नव्हतं.

शेतात आल्यावरही तेच. बांधावर नळी ठेवली, झाडाखाली ठेवली, जागा बदलून बदलून थकलो. जेवताना घास हातात राहायचा. आई म्हणायची, "बस की जरा, सारखा काय उठतूस?" शेवटी ध्यानात आलं की आमच्या रानातला काळा खडकच चुंबकी आहे, जमिनीलगत तो सूर मोडून टाकतोय. ज्वारीत पाखरं राखायला लाकडी माचा बांधलेला होता, नुसत्या दोऱ्यांनी, खिळा एकही नाही. नळी त्यावर चढवली, आवाज वाढवणारा खोका आणि बॅटरी खाली ठेवली. बटण बंद केलं, आणि काहीतरी ऐकू आलं. की आल्यासारखं वाटलं? इतके महिने तोच आवाज मनात घोळवत होतो. माझ्या कानांवर माझाच भरवसा उरला नव्हता.

त्याच दिवशी धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. आबा त्यांना आणायला एसटीच्या थांब्यावर गेलेले. मी घरी येईना म्हणून आईची नजर चुकवून तीच शेतात आली, नवं लुगडं वर खोचून.

"दादा, चल की. पाहुणे येतील आता."

"हे कानाला लाव. काय ऐकू येतं तेवढं सांग."

"काय ऐकू यायला पायजे?"

"ते सांगणार नाही."

ती माच्याकडं पाठ करून बसली. मी बटण बंद केलं. तिनं हेडफोन कानावर दाबला. मग म्हणाली, "कुणीतरी शीळ घालतंय. घालत घालत लांब चाललंय. गेलं."

माच्यावर चढून मी पाण्याची बाटली काढली, रिकामी घातली, खाली येऊन पुन्हा बटण बंद केलं.

"आता न्हाय. नुसती खरखर."

मग मी कधी पाण्याची, कधी रिकामी, मनाला येईल तशी बाटली घालत राहिलो. चढताना पाय घसरून नडगी सोलली. पाणी असलं की ती "हाय" म्हणायची, नसलं की "न्हाय". एकदाही चुकली नाही.

"आता तरी चल," ती हेडफोन काढत म्हणाली. "आबा लई चिडतील."

मागच्या दारानं घरात शिरलो तेव्हा पाहुणे ओसरीवर बसलेले होते. मुलाच्या काकांनी मला विचारलं, "तुम्ही करता काय?" मी सांगू लागलो आणि मधेच थांबलो, लक्ष शेतातल्या खोक्याकडं होतं. बहीण चहा घेऊन आली. लुगड्याच्या काठाला कुसळं तशीच चिकटलेली. मुलाच्या काकूंनी ती पाहिली, आणि स्वतःच्या हातानं काढली.

लग्न ठरलं. ती सासरी मुरुमला गेली. पण त्या वेळी बोलणी संपेपर्यंतही मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी शहराकडं परत निघालो, कुर्डुवाडीची एसटी धरली. कंडक्टर खोका टपावर टाका म्हणत होता. मी तो मांडीवर धरून बसलो. शीळ खरी होती, पण शहरातली घरघर तिथंच असणार होती.

ती होतीच. आम्ही एकाच्या जागी दोन नळ्या केल्या, एकमेकींच्या उलट जोडलेल्या, म्हणजे बाहेरची घरघर आपोआप कटावी. कितीदा तार गुंडाळली आणि सोडली. एका दुपारी खरखरीतून शीळ वर आली. मी हेडफोन सरांना दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि तो कानावरून न काढताच म्हणाले, "पुन्हा ऐकवा."