दादाचे साक्षीदार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं होतं ते दादाला — आणि तो आता नाही.

मी मोबाइलवरची ॲप बनवते. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक बनवलं होतं. रोज संध्याकाळी ‘आज घेतली नाही’ अशी खूण करायची. राहिली, तर आपणच निवडलेल्या साक्षीदाराला निरोप जातो. कल्पना सुचली आमच्या विहारात. रविवारी सगळे पंचशील म्हणत आणि पाचव्या शीलाला — मद्य न घेण्याच्या — दादाचे ओठ मिटत. माणसांत बसून खोटं बोलणं त्याला जमत नसे.

दादा दिघीच्या जेटीवर फेरीबोटीची तिकिटं फाडायचा. माझं ॲप त्यानं सगळ्यांत आधी घेतलं. साक्षीदार एकच — वहिनी. दीड महिना एकही खूण चुकली नाही. पाचवं शील तो पुटपुटू लागला.

मग मी काय केलं? एका माणसाची लाज पुरते, की जास्त माणसं हवीत — मला पाहायचं होतं. त्याच्या खात्यात जेटीवरच्या पाच जणांचे नंबर मी जोडले. त्याला न विचारता. निरोपाखाली शब्द घातले, ‘घरच्यांकडून’. तेव्हा ते मायेचे वाटले होते.

त्याच आठवड्यात एक खूण राहिली. घेतली होती, की नुसता विसरला? मी कधीच विचारलं नाही. सकाळी जेटीवर हशा पिकला — “बोट तरली नि तिकीटवाला बुडाला व्हय रं? घरनंच सांगावा आलाय!”

दुपारी त्याचा फोन आला. “हिनं मला चारचौघांत उघडं पाडलं गं. घरच्या माणसानं.”

मी गप्प राहिले असते तरी — पण नाही. मी म्हणाले, “वहिनीनं असं करायला नको होतं.”

संध्याकाळी ते पाच नंबर मी पुसून टाकले.

त्यानंतर दादा दोन वर्षं जगला. पुन्हा प्यायला लागला. विहारात आला नाही. वहिनीच्या हातचं जेवायचा, तिच्याशी बोलायचा नाही.

दादा गेल्यावर, त्याच्या जलदानविधीच्या दिवशी, वहिनीनं मला बाजूला घेतलं. “ताई, तुम्हाला तरी वाटतं का हो, मी सांगितलं असेल?”

“जाऊ द्या आता,” मी म्हणाले.

मग सगळे पंचशील म्हणायला बसलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते स्पष्ट आवाजात म्हटलं, वहिनीच्या शेजारी बसून.